मिठावरचा रोबो

"आजून वतू का?" पिशवी तिरकी धरून गोदूबाईने विचारलं.

"बास मावशी, झालं."

मोरव्याच्या मिठागरातून ती भाचीसाठी जाडं मीठ घेऊन आली होती. स्वप्नालीने ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि मुठीने दाबून चंद्रावर असतात तसे खड्डे पाडले. मागे काळा कागद लावला होता. त्याला टाचणीने भोकं पाडून पलीकडे दिवा ठेवला, की चांदण्या. खुर्चीत पट्ट्याने बांधलेला पराग सगळं बघत होता.

"जावयाचा हात आता हालत न्हाय काय गो?"

"दोन्ही गेले, मावशी," परागनेच सांगितलं. त्याचे शब्द जड, ओले येत होते.

गोदूबाई मग चहालाही थांबली नाही.

परागचं सगळं आयुष्य भाईंदरच्या कारखान्यांतल्या स्टीलच्या भांड्यांचे फोटो काढण्यात गेलं होतं. चकचकीत पातेल्यात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब दिसू द्यायचं नाही, हेच त्यातलं कसब. उरलेल्या वेळात तो जुनी पत्र्याची खेळणी जमवायचा. चावीचे रोबो, लाल शेपटीची रॉकेटं, उडत्या तबकड्या. कापसाचा धूर आणि दोन-दोन सूर्य लावून तो त्यांचे फोटो काढायचा, जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांसारखे. "माणूस चंद्रावर जायच्या आधी लोकांना भविष्य असं दिसायचं," तो सांगायचा. सांगताना त्याचा चेहरा उजळायचा.

मग एकदा काम करताना हातातली लेन्स निसटली. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा आजार आहे. आधी हात, मग पाय, मग वाचा. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही.

मुंबईतल्या एका गॅलरीत त्याच्या या खेळण्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. शेवटचा फोटो तेवढा राहिला होता. रोबो मिठावरून रॉकेटकडे चालत निघालाय, असा.

"चावी दे," पराग म्हणाला.

स्वप्नाली चावी फिरवू लागली. तो काहीतरी बोलला. तिने आणखी फिरवली. तो पुन्हा बोलला, जोरात. तिने आणखी एक पीळ दिला आणि आत काहीतरी खट्कन तुटलं. चावी सैल फिरू लागली.

"मी पुरे म्हटलं."

"मला 'पुढे' ऐकू आलं रे."

तिने चावीवरून हात काढला. आजवर त्याचं बोलणं फक्त बाहेरच्यांना कळत नव्हतं. तिला कळत होतं.

"आडवा कर त्याला," पराग म्हणाला.

"कशाला?"

"पडलेला. रॉकेट... निघून चाललंय."

"असला फोटो मी नाही काढणार. उभा ठेवते ना. स्प्रिंग तुटली ते फोटोत दिसतंय थोडंच?"

"मला दिसतं."

"मग नकोच फोटो!" ती ओरडली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सोडून नुसतीच उभी राहिली. बाहेरून हाक आली नाही. शेवटी पदराला हात पुसत ती परत आली आणि रोबो आडवा केला.

"पालथा," पराग म्हणाला. "चावी दिसू दे."

तिने तो पालथा केला. कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावरचा फोटो बघून त्याने फोकस बदलायला लावला, दिवा खाली घ्यायला लावला, पुन्हा, पुन्हा. ती चिडली, तोही चिडला. एका फोटोवर मात्र त्याची नजर थांबून राहिली. तोच तिने गॅलरीला पाठवला.

संध्याकाळी गॅलरीतल्या इशिताचा फोन आला. स्वप्नालीने तो स्पीकरवर टाकून त्याच्या तोंडाशी धरला.

"सर, सॉलिड आलाय फोटो! खाली नाव तुमचंच टाकतेय हां."

"नाही. स्वप्नाली."

"हॅलो? सर, कोण?"

"स्व... प्नाली. तिने... काढला."

"सर, आवाज तुटतोय. नेटवर्क गेलंय बहुतेक. मॅडम आहेत का तिकडे?"

स्वप्नालीने तोंड उघडलं. परागने तिच्याकडे पाहिलं. तिने ते मिटलं आणि फोन त्याच्या आणखी जवळ नेला.

"नेटवर्क... नाही," तो म्हणाला. "माझा... आवाज."

"सावकाश सांगा, सर," इशिता म्हणाली. "मी थांबते."

पराग श्वास गोळा करू लागला. स्वप्नाली फोन तसाच धरून उभी राहिली.