बिनगळाचा बेडूक

पाण्यावर रबरी बेडूक पडला की आवाज व्हायला हवा. पण भावोजींनी फेकलेला असला की तो जवळजवळ होतच नाही. वांगणीच्या पुढे, उल्हास नदीच्या मुख्य धारेपासून बाजूला पडलेलं एक संथ पाणी आहे. तिथे श्रावणातलं तिरपं ऊन जलपर्णीच्या पानांवर टेकलेलं असतं; मनगटाच्या एका सावकाश हेलकाव्यासरशी रॉड पुढे झुकतो, रिळावरची दोरी सळसळत सुटते आणि अंगठ्याएवढा तो बेडूक अलगद एका पानावर उतरतो. क्षणभर तसाच राहतो. मग भावोजी दोरीला बारीकसे हिसके देतात आणि तो पानावरून पाण्यात घसरतो, अगदी जिवंत असल्यासारखा. एवढं सगळं साग्रसंगीत करणाऱ्या या माणसाच्या बेडकाला गळ मात्र नसतो. पोटाखालचे दोन्ही काटे त्यांनी स्वतःच्या हाताने, पक्कडीने तोडून टाकलेले आहेत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. सगळी हयात निळ्या कापडाच्या थप्प्यांत गेली, आणि काम सुटल्यावरही नखांच्या कडांना तो निळा रंग पुसटसा राहिलाच. घरी बसून ते बेडूक करायचे. जुन्या चपलेच्या रबराचं शरीर, जीन्सच्या चिंध्यांतून सोडवलेल्या दोऱ्यांचे पाय आणि डोळ्यांच्या जागी ताईच्या तुटलेल्या माळेतले काळे मणी. दुकानात हल्ली परदेशी बनावटीचे झकास बेडूक मिळतात, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि चपलेला कात्री लावत. शेजारचा सिंधी दुकानदार गल्ल्यावरून मान उंचावून म्हणायचा, "साईं, इतनी मेहनत में तो मछली खुद घर चलके आ जाएगी." भावोजी हसायचे. त्यांचं हसणं भाद्रपदातल्या उन्हासारखं, आलं म्हणेपर्यंत ढगाआड जाणारं.

बरं, बेडकाला गळ होता त्या काळातही एवढ्या खटाटोपाने धरलेला मासा ते सोडून द्यायचे. मेहुण्याचा हक्क बजावत मी टोमणा मारायचो, की सोडायचाच तर धरायचा कशाला, घरी आणला तर ताई कालवण तरी करेल. ते पुन्हा बेडूक फेकायचे. मरळ, संथ पाण्यातली ही दांडगी शिकारी मासळी, बेडकावर तुटून पडली की लगेच ओढायचं नसतं. तिने तो नीट तोंडात घेईपर्यंत श्वास रोखून थांबायचं असतं, आणि हे थांबणं त्यांच्या सबंध स्वभावात मुरलेलं होतं. काही विचारलं तर चहा निवत आल्यावर उत्तर यायचं. ताई नेमकी उलटी. तिची वाक्यं एकमेकांच्या पायात पाय घालत बाहेर पडायची, आणि एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असायची. तरी त्या अखंड बोलण्याचं आणि त्या अभंग मौनाचं छान जमत होतं, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

ताईचं एकच मागणं होतं, मला एकदा नदीवर न्या. दर रविवारी डबा बांधताना ती हे म्हणायची आणि दर रविवारी भावोजींकडे कारण तयार असायचं. आज चिखल फार आहे, आज पाणी गढूळ असेल, तिकडे बायामाणसांची काही सोय नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. त्या पाण्यात एक मोठी मरळ होती, तिने त्यांना वर्षानुवर्षं हुलकावणी दिली होती, आणि बायकोला नेलं आणि तिच्यादेखत मरळ पुन्हा निसटली तर, याची त्यांना लाज वाटत होती. शेवटी एका श्रावणात ताईने कोणाला काही विचारलंच नाही. चपला घातल्या आणि स्कूटरवर मागे जाऊन बसली. मीही माझी गाडी काढून त्यांच्या पाठोपाठ निघालो.

त्या दिवशी मरळीची पिल्लं वर आली होती. केशरी-तांबड्या असंख्य इवल्या जिवांचा एक गोळा पाण्याला आधण यावं तसा सळसळत वर येतो, श्वास घेतो, पुन्हा खाली जातो. आणि त्या चंचल रंगाखाली, दिसत नाही अशी, आई पहारा देत असते. ताई काठावर उकिडवी बसली आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बोलायची थांबली. मग हळूच म्हणाली, "अहो, मसुरीची डाळ निवडायला पसरल्यासारखं दिसतंय हे."

इकडे गळ टाकणाऱ्यांचा एक अलिखित नेम आहे, पिल्लांवर बेडूक फेकायचा नाही. कारण तिथे मरळ हमखास येते. भुकेने नव्हे, रागाने, आपल्या पिल्लांवर कोण चालून आलं म्हणून. नव्या मंडळींना हा नेम समजावून सांगणारे भावोजीच. पण त्या क्षणी पाण्याखाली तीच मोठी मरळ होती, शेजारी बायको बसली होती, आणि तिला काहीतरी करून दाखवायची हौस इतकी वर्षं मनात साचलेली होती. त्यांनी बेडूक फेकला.

पाणी फुटलं. मरळ आली, हातभर लांब, आणि गळ थेट कल्ल्यांत रुतलेला. भावोजींनी तो सोडवला, तिला पाण्यात धरून पुढेमागे हलवलं, बराच वेळ हलवलं. पण ती पोट वर करून तरंगत राहिली. पिल्लांचा गोळा तिथल्या तिथे फिरत होता. मग खालून दुसरे मासे आले आणि तो तांबडा रंग थोडा थोडा कमी होत गेला. ताईने ते शेवटपर्यंत पाहिलं. उठताना एवढंच म्हणाली, "मी नुसतं बघायला आले होते हो."

त्याच संध्याकाळी भावोजींनी पक्कड घेतली आणि डब्यातल्या एकेका बेडकाचे काटे तोडले. ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी दोघं बुद्धवंदना म्हणत, तेव्हा पहिल्या शीलापाशी, जीव न घेण्याच्या त्या ओळीपाशी, भावोजींचा आवाज अडखळायचा. ताई तेवढी थांबायची आणि मग पुढची ओळ दोघं बरोबर उचलायची. पण नदीवर ती पुन्हा गेली नाही. भावोजींनी स्वतःहून येतेस का विचारलं, हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले, तेव्हा तिने सांगितलं, "त्याच पाण्यात पुन्हा पिल्लं दिसली ना, की मला फोन करा. असेन तशी गाडी पकडून वांगणीला येते."

तेव्हापासून त्यांचं नदीवर जाणं म्हणजे एक शोध होऊन बसलं. बिनगळाचा बेडूक ते फेकत राहिले, कारण त्यावर मरळ झेपावली तर ती आहे एवढं तरी कळतं. पण हळूहळू जलपर्णी दाटली, पलीकडच्या काठाला एका फार्महाऊसची भिंत आली, रविवारी तिकडून गाण्यांचा दणदणाट ऐकू यायला लागला, आणि बेडूक पानापानांवरून तसाच परत येत राहिला. संध्याकाळी ताई चहा पुढे ठेवून विचारायची, "दिसली?" ते मान हलवायचे. ती म्हणायची, "दिसतील, दिसतील. जातायत कुठे." तिच्या तेवढ्या बोलण्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा. आणि मागच्या हिवाळ्यात, साधा ताप म्हणता म्हणता, ताईच गेली. माझी बहीण गेली याचं दुःख मला आहेच; पण भावोजींकडे पाहिलं की वाटतं, माझं दुःख निदान सरळ आहे.

या श्रावणात मी त्यांच्याबरोबर गेलो, एकटं पाठवायला मन होईना म्हणून. ते नेहमीच्या दगडावर बसून बेडूक फेकत होते. पानावर उतरला की त्याचे मण्यांचे डोळे उन्हात लुकलुकायचे. बांधावरून गवताचा भारा घेऊन चाललेली गावातली एक बाई थांबली. ती त्यांना ओळखते, ते काय शोधतात हेही तिला ठाऊक आहे. "भाऊ, मरलीची पिल्ला आयलीत त्या उंबराखालती," ती म्हणाली. "कालपासना बगतंय मी."

आम्ही उंबराखाली गेलो. पाणी सळसळलं, तांबडा गोळा वर आला, खाली गेला. थोडा पुढे सरकून पुन्हा वर आला. भावोजींनी रॉड गवतावर ठेवला. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला, पिशवीची गाठ सोडली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, आणि अंगठा पडद्यावर टेकायच्या आत त्यांचा हात थांबला. वर्षानुवर्षं ज्या एका फोनसाठी तो मोबाईल असा कोरडा जपला होता, तो फोन आता कोणाला करायचा होता? त्यांनी मोबाईल पुन्हा पिशवीत घातला, गाठ मारली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिच्या वाटचं तू बघ."

ताई बसली होती तसाच मी काठावर उकिडवा बसलो, पण डोळे भरून आल्यामुळे मला धड काही दिसलं नाही. पुढच्या श्रावणात पिल्लं येतील, त्याच्या पुढच्याही येतील. काय परत आणायचं आणि काय नाही, हे काळाने आपल्याला न विचारताच ठरवलेलं असतं, आणि आपल्या ओंजळीत राहतं ते एका माणसाचं न येणं, दरवर्षी न चुकता येणारं.