हरकत घेणाऱ्याचं नातं

मास्तरांच्या दारावर पितळेची पाटी होती. तिच्यावर पहिलं नाव नव्हतं, पदवी नव्हती. नुसतं आडनाव होतं, तेही एवढ्या मोठ्या अक्षरांत की रस्त्यापलीकडून वाचता यावं. दर रविवारी मास्तर स्टुलावर चढून ती लिंबाने घासत.

"अहो, माणसं आत राहतात, पाटीत नाही," बायको स्टूल धरून खालून म्हणायची.

"सात पिढ्यांचं नाव आहे हे."

"मग आधीच्या सहा पिढ्यांनी घासलं असेलच की. तुमचा एक रविवार चुकला तर काय बिघडतंय?"

त्या सात पिढ्या मास्तरांना आजोबांकडून मिळाल्या होत्या. आजोबा कचेरीत हेडक्लार्क होते. कपडे नेहमी पांढरेशुभ्र, कडक. घरात नोकर असूनही त्यांनी आपला सदरा कधी कुणाला धुवायला दिला नाही. म्हातारपणीसुद्धा स्वतः धुवायचे, स्वतः खळ करायचे, आणि घडी अशी घालायचे की सदरा आत्ताच दुकानातून आणलाय असं वाटावं. नातवाला मांडीवर घेऊन सांगायचे, "आपले पूर्वज किल्ल्याचा दरवाजा राखायचे. तू नाव राख."

मास्तरांनी राखलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. त्यांचा मुलगा त्यांच्याच वर्गात होता. शाळेत त्याला ते आडनावाने हाक मारत, इतरांपेक्षा एक छडी जास्तच देत, आणि बजावत, "इथे मी तुझा बाप नाही." एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांनी नेमकं त्यालाच उभं केलं आणि विचारलं, "तुझे वडील काय करतात रे?" पोराने फळ्याजवळ उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे वटारले. पोर म्हणालं, "ठाऊक नाही, साहेब." सगळा वर्ग खो खो हसला. ही गोष्ट मास्तर पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगत. "शिस्त म्हणतात ती ही!" पाहुणे हसत. मुलगा तोवर उठून आत गेलेला असे.

तो मुलगा आता बेचाळीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या शहरात राहत होता. त्याच्याकडून एक दिवस लखोटा आला. आत चिठ्ठी नव्हती, फक्त छापील नोटीस होती. आडनाव बदलायचा अर्ज केला की एक प्रत वडिलांना पाठवावी लागते, म्हणून ती पाठवलेली होती. मास्तरांनी सवयीने लाल पेन काढून आधी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या. मजकूर मागाहून डोक्यात शिरला. मुलगा स्वतःचं आणि छोट्या मुलीचं आडनाव बदलून आपल्या आईच्या माहेरचं लावणार होता.

त्यांनी लगेच फोन लावला. "का?" एवढंच विचारलं.

"नाव तुमचं आहे, बाबा. तुमच्याकडेच राहू दे," मुलगा शांतपणे म्हणाला. "कुणी मोठ्या आवाजात ते घेतलं की मी अजून वर्गातल्यासारखा उभा राहतो. माझ्या मुलीने राहू नये."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोवर डाफरले, "तुझंच शिकवणं हे!"

"माझं?" ती म्हणाली. "शिकवायचं खातं तुमच्याकडे होतं. मी डबा भरायचे."

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत नियम होता. रक्ताच्या नातेवाईकाला तीस दिवसांत हरकत घेता येत होती. मात्र चालत आलेलं आडनाव तीन पिढ्यांच्या कागदांनी सिद्ध करायला हवं होतं. मास्तर कंबर कसून कामाला लागले. स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीतच होता. वडिलांचा दाखला मिळवण्यात दोन आठवडे गेले. आजोबांच्या जुन्या कचेरीतून त्यांचं सेवापुस्तक मिळालं, पण त्यात एक घोळ होता. पहिल्या पानावर आडनावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि समासात लिहिलं होतं, 'आदेश पाहावा.' तो आदेश नोंदणी कार्यालयात होता.

तिथे जायला तिसावा दिवस उजाडला. हरकतीचा अर्ज मास्तरांनी आदल्या दिवशीच आपल्या वळणदार अक्षरात लिहून पिशवीत ठेवला होता. आता फक्त तो आदेश त्याला जोडायचा, की झालं.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. लोखंडी मांडण्या छताला टेकलेल्या, आणि मधल्या टेबलावर एक पंखा नुसताच घरघरत होता. टेबलामागच्या बाई त्यांना पाहून ताडकन उठल्या.

"सर! ओळखलंत का? सातवीला होते तुमच्या वर्गात. तुमच्या भीतीने पाढे पाठ झाले, ते अजून झोपेतसुद्धा म्हणते."

मास्तर खूश झाले. "अजून उपयोगी पडतात ना? मग झालं तर!"

सेवापुस्तकातला क्रमांक घेऊन बाई मांडण्यांमध्ये शिरल्या आणि अर्ध्या तासाने धूळ झटकत बाहेर आल्या. "हे घ्या, तुमच्या आजोबांचं प्रकरण. निवांत वाचा. मी तिकडे जेवून घेते."

मास्तरांनी फीत सोडली. पहिलाच कागद आजोबांचा अर्ज होता. तेच अक्षर, तोच डौल. पण अर्ज आडनाव बदलण्याचा होता. जुनं आडनाव धंद्यावरून पडलेलं होतं. ते उच्चारताच समोरच्याला कळावं की ही माणसं लोकांची धुणी धुणारी. नवं आडनाव हेच का, या रकान्यात चोवीस वर्षांच्या आजोबांनी लिहिलं होतं, 'आमच्या साहेबांचे आहे. त्यांची ना नाही.' आणि खाली साहेबांची सही होती, त्याच सात पिढ्यांच्या आडनावासकट.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. किल्ला गेला, दरवाजा गेला. पितळी पाटीवर एका परक्या साहेबाचं नाव होतं आणि ते दर रविवारी लिंबाने घासलं जात होतं.

दुसरा कागद हरकतीचा होता. अर्ज लिहून देणाऱ्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेला, आणि तळाशी निळ्या शाईत अंगठा. मास्तरांनी तो हलक्या आवाजात, शब्दावर बोट ठेवून वाचला.

'हा माझा मुलगा आहे. ह्याचा बाप मेला तेव्हा हा चार वर्षांचा होता. लोकांची धुणी धुऊन मी ह्याला शिकवला. नाव बदलायचे असेल तर बदलू द्यावे, माझे काही म्हणणे नाही. फक्त मी त्याची आई आहे, एवढे त्याच्या हातून लिहून घ्यावे.'

तिसऱ्या कागदावर आजोबांचा जबाब होता. 'समोर उभी असलेली बाई मला दाखवण्यात आली. ती आमच्याकडील धुणे नेत असे. याखेरीज मी तिला ओळखत नाही.'

आणि चौथ्यावर आदेश, एका ओळीचा. 'हरकत घेणारी नातेवाईक नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे.'

मास्तर पुष्कळ वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. रेषा नीट उमटल्याच नव्हत्या. पाण्यात आणि साबणात झिजलेला अंगठा होता तो. त्यांना आजोबांची घडी आठवली. बाह्या मागे, कॉलर वर, कडेला कड. ती कुठल्या कचेरीत शिकवत नाहीत.

बाई हात पुसत परत आल्या. "मिळालं का सर, हवं ते?"

"या कागदाची प्रत मिळेल का?" मास्तरांनी अंगठ्यावर बोट ठेवलं.

"का नाही? फक्त रजिस्टरमध्ये नातं लिहावं लागतं." बाईंनी पेन उघडलं आणि कागदावर ओझरती नजर टाकली. "हरकत घेणारी बाई... कोण ही, सर? तुमची कुणी?"

खोलीत दोघंच होती. विचारणारी एकेकाळी त्यांच्यापुढे पाढे म्हणणारी पोर होती. 'पणजी' हा तीन अक्षरांचा शब्द मास्तरांनी हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. तोंडातून मात्र दुसरंच आलं.

"छे, छे. आमची कुणी नाही. धुणं नेणारी बाई असेल."

"मग प्रत नाही देता येणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फीत बांधून टाकली.

फीत आवळली गेली तेव्हा आपण काय बोललो हे मास्तरांना कळलं. शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत. ते काहीतरी बोलायला गेले, पण बाई फाइल घेऊन मांडण्यांमध्ये पोहोचल्यादेखील होत्या.

परत येऊन त्या म्हणाल्या, "हरकत द्यायचीय ना तुम्हाला? वरची खिडकी पाचला बंद होते. पावणेपाच झालेत. आदेश मी जोडून देते."

"हरकत दिली की पुढे काय होतं?"

"मुलाला बोलावतात. तुम्हीही असता. साहेब तुमच्याकडे बोट करून त्याला विचारतात, हे कोण? तो म्हणाला वडील, की हरकत विचारात घेतात."

"समोरच विचारतात?"

"समोरच. पहिल्यापासून तीच पद्धत आहे." बाई हसल्या. "तुम्हाला काय काळजी, सर? तुमचाच मुलगा आहे. बरोबर उत्तर देईल."

तो बरोबर उत्तर देईल. तेच तर त्यांनी घोटून घेतलं होतं. मोठे साहेब खुर्चीत बसलेले, प्रश्न बापाचा, आणि पोर बापाकडे बघतंय. ठाऊक नाही, साहेब. इथे मी तुझा बाप नाही. पेरलेलं उगवतं, हे त्यांनी किती वर्गांना समजावून सांगितलं होतं, आणि उदाहरणं मात्र कायम दुसऱ्यांच्या शेतातली दिली होती.

ते जिना चढून वर गेले. खिडकीसमोर कुणीच नव्हतं. आतला कारकून म्हणाला, "काय आजोबा, काही द्यायचंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. समोरच्या बाकावर बसून त्यांनी खिडकी बंद होताना पाहिली.

घरी पोहोचले तेव्हा बायको दारातच उभी होती. "दिलीत का हरकत?"

"नाही."

"एवढा महिनाभर घर डोक्यावर घेतलंत, आणि नाही?"

"मुदत संपली."

ती म्हणाली, "त्याचा फोन आला होता. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि पाचला पुन्हा. बाबा गेले का, पोहोचले का, दिली का."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, देतील. ते काय सोडतायत थोडेच! तर म्हणाला, बरं, मग मी रजा टाकून ठेवतो, बोलावतील तेव्हा यायला." तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "चिडला नव्हता हो. मला वाटतं, वाट बघत होता."

मास्तर खुर्चीत बसले. बायकोने पिशवीतून अर्ज काढला, उजेडाकडे धरला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. "अर्जदार हा माझा पोटचा मुलगा आहे."

वाचून ती थांबली. "हे त्याला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "लिहिलंत, तेही साहेबाला."

"दे इकडे तो कागद."

तिने दिला नाही. घडी करून डब्यांच्या फळीवर, वर ठेवून दिला, जिथे ते कधी हात घालत नसत. फोन कोपऱ्यात टेबलावर होता, हाताच्या अंतरावर. मास्तर त्याच्याकडे पाहत बसले. तो वाजला नाही, आणि त्यांनीही उचलला नाही.

पुढच्या रविवारी स्टूल कोपऱ्यातून हललं नाही. बायकोनेही आठवण केली नाही.