नफा मी विणला, भाव कुणी पाडला?

मी एक जुना यंत्रमाग आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात माझी हयात गेली. मित्रांनो, जुन्या वस्तू शांतपणे आपली कहाणी सांगतात, असं तुम्ही वाचलं असेल. मी मात्र संतापलेलो आहे आणि ते लपवणार नाही.

मला घडवलं, ट्रकमधून इथं आणलं आणि जमिनीत घट्ट बसवलं. तेव्हापासून मी टॉवेल विणतोय. परदेशी व्यापारी माझी वीण बोटांनी चाचपून मान डोलवायचे. पुढे नवे माग आले आणि मला भंगारात काढायचं ठरलं. वाचवलं ते मृत्युंजयनं. तो मला चालवतो, नुसत्या आवाजावरून माझं दुखणं ओळखतो. "ह्यो अजून धा वर्षं चालतोय की!" असं त्यानं साहेबांना ठणकावून सांगितलं होतं.

यंदा एवढं काम होतं की आम्हाला दम खायलाही फुरसत नव्हती. आमच्या कंपनीचे शेअर बाजारात विकले जातात. जेवणाच्या सुट्टीत मृत्युंजय माझ्याशेजारी बसून मोबाइलवर भाव बघायचा. तीन महिने भाव चढतच होता. माग थांबत नाहीत, म्हणजे नफा होणार. नफा झाला की भाव आणखी चढणार, असं त्यानं धरलं. दिवसभराचं काम मोजून मजुरी घेणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

त्याची बायको भुवनेश्वरी आमच्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. भवानी पेठेतल्या घरी स्वतःचं मोटारीचं शिलाई मशीन घ्यायचं, म्हणून तिनं तीन वर्षं जादा काम करून पैसे साठवले होते. कंपनीच्या तिमाही नफ्याचा निकाल लागण्याच्या आठवडाभर आधी मृत्युंजयनं ते सगळे शेअरमध्ये घातले.

निकाल लागला. नफा सव्वापट! साहेबांनी पेढे वाटले. पेढ्याची चव तोंडात असतानाच भाव गडगडला आणि संध्याकाळपर्यंत पाचवा हिस्सा गळाला. मृत्युंजयनं मला लाथ मारली. मला! खंडेनवमीला ज्याच्यापुढे नारळ फोडतो, त्याला लाथ!

तेवढ्यात ऑफिसातल्या निवेदिता मॅडम मालाची नोंद घ्यायला आल्या.

"मॅडम, नफा वाढला की! मग भाव पडतोच कसा?" मृत्युंजयनं विचारलं.

"नफा वाढणार हे लोकांनी आधीच धरलं होतं, म्हणून तर भाव तीन महिने चढला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दीडपट होईल असं वाटत होतं, झाला सव्वापट. शिवाय मालकांनीच सांगितलं, पुढच्या तीन महिन्यांत परदेशातल्या ऑर्डरी कमी आहेत. शेअर घेणारा पुढचं बघतो, मृत्युंजय. भोगीच्या आदल्या दिवशी वांगी कसली महाग असतात! भोगी चांगली झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी तो भाव देतं का?"

मला ते पटलं, मित्रांनो, आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट झाला. सव्वापट राबलो आम्ही! ज्यांनी माझ्या टॉवेलला कधी तोंडही पुसलं नाही, त्यांनी घरबसल्या दीडपटीचा अंदाज बांधायचा, आणि त्यांचा अंदाज चुकला की नापास कोण, तर आम्ही!

माझा संताप असा उकळत असताना भुवनेश्वरी आली. तिला सगळं कळलं होतं.

"आगं, नफा झालाय, पण लोकांनी आधीच..." मृत्युंजय समजावू लागला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नफा किती झाला, ते इचारलंत. भाव किती हाय, ते रोज इचारलंत. पैसे माजे हुते की! मला एकदा तरी इचारलंत व्हय?"

मृत्युंजयनं मोबाइल खिशात टाकला. बाजारावर एवढा खवळलेला मी, पण हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता, याची मला लाज वाटली.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आमच्यासारख्या यंत्रांना वेळेवर तेल द्या, राग आला तरी लाथ मारू नका. झालेल्या नफ्याकडे बघून उद्याच्या भावाची खात्री धरू नका. आणि दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा कुठेही घालण्याआधी, ज्याचा तो आहे त्याला विचारा. भुवनेश्वरी आजही कारखान्याच्याच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते आहे.