सेबोमची सावड

लसूण उपटायच्या दिवसांत आमच्या सोंगगोक गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. पाऊस दहा दिवसांवर आलेला असतो, माती भाजल्या विटेसारखी कडक झालेली असते, आणि एकदा वाकलेली कंबर दिवस मावळेस्तोवर सरळ होत नाही. अशा सकाळी गारमची आई न बोलावता ओकबुन आज्जीच्या रानात उतरली. डोक्याला फडकं, हातात खुरपं, काखेत मुळ्याच्या किमचीचा डबा.

माझं रान बांधाला बांध लागून. पहाटेचे मूर्तीपुढचे एकशे आठ नमस्कार उरकून मी नुकतीच आले होते, त्यामुळे सगळं कानावर आलं.

"वाट चुकलीस व्हय गं?" आज्जी म्हणाली.

"सावडीला आले, आज्जी."

"म्या ही अशी मोडक्या खुब्याची. तुझी सावड फेडायला माज्याकडं हाय काय?"

"निघंल की कायतरी," गारमची आई म्हणाली आणि वाकून उपटायला लागली.

ती दोन दिवस उपटत राहिली. आमच्याकडं सावडीचा शब्द मोठा. एक दिवस घेतला तर एक दिवस द्यायचा, आणि अंगानं देता येत नसेल तर समोरचा मागेल ते द्यायचं. नाही म्हणणाऱ्याच्या रानात पुन्हा माणूस पाय ठेवत नाही. आज्जीचा मुलगा राहिला नाही, सूनही नाही. नात सेबोम आणि अर्धा एकर लसूण एवढाच तिचा संसार. ती दोन दिवस गारमच्या आईच्या पाठीकडं बघत होती आणि मागणं काय येतंय याची वाट बघत होती.

मागणं काय होतं ते मला ठाऊक होतं.

गारम आणि सेबोम दोघी एका वर्गात, उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला. वर्गात पोरं तेरा. गारमचा नंबर पहिला, सेबोमचा तेरावा. सरकारचा नियम असा, की शंभरात चौघांना पहिली श्रेणी. या हिशेबानं तेरा पोरांत अर्ध्याहून जरासं जास्त येतं, ते एक धरून कशीबशी एकाला मिळते. बारा झाली की ती कुणालाच नाही. पहिल्या आलेल्यालाही दुसरी श्रेणी. आणि पहिल्या वर्षाचा, जुलै-डिसेंबरच्या दोन्ही परीक्षांचा आकडा विद्यापीठाच्या दारापर्यंत पाठ सोडत नाही. गारमच्या आईनं पोरीला शहरात न धाडता इथंच ठेवली ती याच हिशेबानं, की लहान वर्गात पहिली येईल. वर्ग इतका लहान होईल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

गारमला भूक लागेना. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत जायची आणि दाराशी उभी राहून येणारी डोकी मोजायची. कुणी शिंकलं तरी विचारायची, बरं आहे ना, उद्या येणार ना. पंधरा वर्षांची पोर, डोळ्यांखाली म्हातारीसारखी काळी वर्तुळं.

आणि सेबोम निघाली होती. तिचं डोकं पुस्तकात चालायचं नाही, पण हात असा की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे केस तीच कापायची, कुरळे करून द्यायची. देगू शहरात तिच्या आत्यानं केशकलेच्या शाळेत जागा बघितली होती. महिना संपायच्या आत कळवायचं होतं. वर्गशिक्षक बे मास्तरांच्या तोंडून हे गारमच्या आईला कळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सावडीला उतरली.

दुसऱ्या संध्याकाळी ती मला सोबत घेऊन आज्जीच्या ओसरीवर गेली. तुमचा शब्द आज्जी मोडणार नाही, असं वाटेत मला म्हणाली. तिनं मागितलं ते एवढंच, की सेबोमला जुलैची परीक्षा होईपर्यंत इथल्या शाळेत राहू द्या. मी म्हणाले, राहू दे आज्जी, शिकलेलं वाया जात नाही. खोटं बोलायचं नाही हे माझं रोजचं व्रत आहे, आणि मी खोटं बोललेही नाही. कशासाठी मागतोय तेवढं दातांमागं ठेवलं.

आज्जीचा चेहरा उजळला. तिला वाटलं होतं रानाचा तुकडा मागतील. "येवढंच व्हय? बस गं सेबोम परीक्षेला. फिटंल सावड."

सेबोम लसणाच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आनि आत्याला काय सांगू?"

"परीक्षेनंतर जाशील की," गारमची आई म्हणाली. "जागा कुठं पळून जातीय."

जागा गेली. सेबोम परीक्षेला बसली, तेरावी आली. गारम पहिली आली, पहिली श्रेणी मिळाली. तिच्या आईनं तांदळाच्या वड्या वाटल्या, आज्जीच्या घरीही दिल्या. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला, की वाट बघून त्यांनी दुसरी पोर घेतली आणि पुढच्या साली दुसऱ्या वर्षाला मधनं कुणाला घेत नाहीत.

त्यानंतर माझे नमस्कार पुरे होईनात. चाळीसाच्या पुढं मोजणी हुकायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. चौथ्या दिवशी मी ते तिथंच सोडून आज्जीकडं गेले. बाहेर पाऊस लागला होता. वळचणीला लसणाच्या वेण्या टांगलेल्या, ओसरीवर दोघी पाकळ्या सोलत बसलेल्या. मी सगळं सांगितलं, तेराचं आणि बाराचं. माझं गप्प बसणंही सांगितलं.

आज्जीनं हातातली पाकळी अर्धवट सोलून खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, माजी पोर शिकावी म्हनून आलाव तुमी."

मी पुढ्यातली एक पाकळी सोलायला घेतली.

"मला ठावं व्हतं, काकू," सेबोम म्हणाली. "बे मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं व्हतं. गारम तवा रडली पन."

"मग राहिलीस कशापायी, बाळा? नाही म्हणायचं होतंस."

तिनं सोललेल्या पाकळ्या आज्जीच्या टोपल्यात सरकवल्या. "साळंत ये म्हनून आमच्या दारात आजपतोर कुनी आलं न्हवतं."

पावसाची सर वाढली, तशी तिनं उठून भिजणारी वेणी आत ओढून घेतली. परत बसताना मला विचारलं, "डिसेंबरच्या परीक्षेला येतील का वो बोलवाया?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उठून घरी जाता आलं असतं.