ब्रिएलनं टाकलेला शब्द

टीव्हीवर ब्रिएल टॅगर्टचा मोरपंखी सूट झळकला आणि डेसी प्रुइटच्या पोटात दुखायला लागलं. चार वर्षं दोघी एकाच कॉलेजकडून बास्केटबॉल खेळल्या, एकाच खोलीत राहिल्या. पण आज व्यावसायिक संघांच्या निवडीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सभागृहाचं बोलावणं एकट्या ब्रिएलला. डेसी बसली होती मिसिसिपीत, चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशाच्या वासात.

बोलावणं मोजक्याच पोरींना जातं, ज्यांचं नाव पहिल्या फेरीत येणार हे जगाला ठाऊक असतं. बाकीच्यांनी घरी देव पाण्यात घालून बसायचं. हरलेले संघ आधी निवडतात, जिंकलेले मागून, अशा तीन फेऱ्या. तिसरीतही नाव आलं नाही की स्वप्न बहुतेक आटोपलंच.

"खा की गं पोरी," लोरीन मावशी म्हणाली. "मैत्रिणीचं कौतुक चाललंय आणि तू तोंड पाडून!"

"कौतुकच करतेय मावशी."

"दिसतंय ना. दात-ओठ खाऊन करतेयस!"

तेवढ्यात बफेलोच्या संघानं ब्रिएलचं नाव घेतलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. डेसीनंही वाजवल्या, पण मनात म्हणाली, हिच्या निम्म्या बास्केटा माझ्या पासवर झाल्यात. चेंडू आणायचा मी, घाम गाळायचा मी, आणि फोटो हिचे. भरीस भर म्हणून ब्रिएल माइकसमोर रडली आणि म्हणाली, "माझी डेसी घरी बसलीय. तिच्याशिवाय मी कुणीच नाही. कुणीतरी घ्या हो तिला!"

"सोन्यासारखी पोरगी," मावशीनं डोळे पुसले. डेसीच्या अंगाची आग आग झाली. सगळ्या देशासमोर हिनं आपल्यासाठी पदर पसरला होता, तोही न विचारता.

दुसरी फेरी कोरडी गेली. तिसरी संपत आली तशी लोकं खुर्च्या आवरायला लागली. आणि अगदी शेवटाकडे बफेलोची पाळी आली. "ओडेसा प्रुइट."

डेसीचं कागदोपत्री नाव. हॉल दणाणला. आई रडत गळ्यात पडली. डेसीलाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण तो क्षणभरच. नाव आपलं, पण मिळालं ब्रिएलच्या शब्दावर. आता जन्मभर लोक हेच म्हणणार. ब्रिएलचा एवढा राग तिला आजवर कधी आला नव्हता.

फोन वाजला. ब्रिएलच होती, आनंदानं किंचाळत. "डेसी! एकाच संघात गं आपण! मी सांगितलं होतं ना त्यांना! शिबिरात खोली एकच मागून घेऊया."

निवड झाली म्हणजे जागा मिळाली असं नसतं. शिबिरात सगळ्यांना पळवतात, झुंजवतात, आणि मोसमाआधी निम्म्या पोरींच्या हातात परतीचं तिकीट ठेवतात. दोघी खेळायच्याही एकाच जागेवर, गार्ड म्हणून; कॉलेजच्या संघात तशा जागा दोन होत्या.

"आपल्या जागेवर नव्या किती पोरी ठेवणार आहेत?" डेसीनं विचारलं.

"एखादीच. का गं?"

"मग खोली वेगळी घे."

ब्रिएल खळखळून हसली. डेसी हसेना, तशी हळूहळू थांबली.