काकवीचा हात

गंगाखेडच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर चंद्रभान महाराज एकेकाच्या तळहातावर काकवी घालत होते.

"चाटा! डॉक्टर गोड सोडायला लावतो, आमी गोड चारून साखर उतरवतो. आन् प्रसादाचा हात धुवायचा न्हाई, डोक्याला पुसायचा!"

लगेच शिष्य बोटाला सुई टोचून साखर मोजायचा. चारशे ऐंशी! गर्दी हळहळायची. मग तीर्थाच्या घंगाळात हात बुडवून अर्धा तास नामजप, पुन्हा सुई. दोनशे दहा! टाळ्यांनी वरचे पत्रे हादरायचे.

"मशीन तर डॉक्टरांचंच हाय ना? आन् ह्या बघा, डॉक्टरीणबाई सोता लिहून घ्यायल्यात!"

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे माझी विद्यार्थिनी प्रियांका. मधुमेह आणि राहणीमान यावरचा तिचा पहिलाच शोधनिबंध. तीन दिवस ती इथे आकडे टिपत होती. "सर, एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांची उतरली!" असं तिने फोनवर सांगितलं. सगळ्यांना लागू पडणारं औषध मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. तडक गाडी काढली.

भिंतीला टेकून तानुबाई बसल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आपलं इन्सुलिन महाराजांच्या पायाशी ठेवलं होतं. आता दोन उलट्या झाल्या होत्या, ओठ सुकले होते. "पानी द्या वो, लय कोरड पडायली."

"अंगातलं इख बाहेर पडायलंय," शिष्य म्हणाला. "आज मोजायचं न्हाई."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. पण तानुबाई हलेनात. "म्हाराजांनी उठू नगं म्हणलंय."

मला राहवेना. "प्रियांका, एक माणूस मोजायचा राहिलाय."

"कोण, सर?"

"तू."

तिला राग आला, पण ती रांगेत गेली. काकवी, मग सुई. तीनशे अठरा! मधुमेहाचं नाव नसलेली सत्तावीस वर्षांची पोर. ती बाहेरच्या नळावर धावली, साबणाने हात धुतले, पुसले, मंचावर येऊन पुन्हा टोचलं. ब्याण्णव. ना जप, ना तीर्थ.

तिने माईकच ओढून घेतला. "रक्तातली साखर उतरत नव्हती, बोटावरची काकवी तीर्थात धुतली जात होती! काकवीच्या बोटानं आकडा फुगतो, एवढंच!"

"पोरीची श्रद्धा कच्ची हाय," महाराज गरजले.

"मंग आधी हात धुवून मोजा की कुनाचीबी!" गर्दीतून एक म्हातारा ओरडला. महाराजांना नेमकी तेव्हाच समाधी लागली.

प्रियांकाने तानुबाईंचे हात स्वतः धुतले आणि मोजलं. आकडाच उमटेना, साखर यंत्राच्या मापाबाहेर गेली होती.

"मावशी, इन्सुलिन कशापायी सोडलं हो?"

"तू लिहून घ्यायलीस म्हनून, बाई."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दारात आलेल्या ॲम्ब्युलन्सकडे निघाल्या. प्रियांका मात्र रडू लागली. तिला मी कसा रागावणार? त्या नोंदींच्या फॉर्मवर माझी सही होती, आणि 'हात धुतले का' हा रकाना मलाही सुचला नव्हता. लाज वाटली.

तानुबाई पुढे दवाखान्यात वाचल्या. म्हणून सांगतो, बाबांनो, आकडा दिसला की लगेच नमस्कार करू नका. तो कुणी काढला, कसा काढला, ते विचारा. महाराजांना विचारा, डॉक्टरलाही विचारा.

त्या दिवशी प्रियांकाने डोळे पुसले आणि यादी उघडली. औषध सोडू नका, हे अजून चाळीस जणांना सांगायचं होतं. पहिला फोन कुणी उचलला नाही. यादीतला पत्ता बघून मी गाडी चालू केली.