पाचशेच्या पुढची माणसं

रक्तपेढीच्या खिडकीतून मास्तरांनी तिसऱ्यांदा नकारार्थी मान हलवली, तरी ताई तिथून हटेना. मास्तर म्हणजे तिथले कारकून. शाळेत कधी शिकवलं नाही, पण चष्म्यावरून बघायची सवय, म्हणून मास्तर. वरच्या मजल्यावर ताईची धाकटी बहीण होती. बाळ झालं, ठणठणीत झालं, पण हिचा रक्तस्राव काही केल्या थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह. पेढीतल्या होत्या नव्हत्या त्या पिशव्या सकाळीच संपल्या होत्या. “लवकरात लवकर दाता आणा, नाहीतर...” एवढंच म्हणून डॉक्टरीणबाई आत पळाल्या.

“अहो, नीट बघा ना!”

“तीन नावं निघाली, ताई. एक वारले, एक परदेशी, एकाला कावीळ. बाकी कोणी नाही. तुमचाच प्रोग्राम सांगतोय.”

तिचाच होता. नऊ वर्षांपूर्वी हौसेनं लिहून दिलेला.

“इतकी वर्षं नवी नावं घालतोय मी,” मास्तर पुटपुटले. “हजाराच्या वर झाली असतील, आणि ओ निगेटिव्ह तिघंच?”

हजार! ताईला आपण प्रोग्राममध्ये काय लिहिलं होतं ते आठवलं.

प्रोग्रामचं काम अगदी साधं होतं. फाईलमधली एकेक ओळ वाचायची, स्वल्पविराम दिसेल तिथे तोडायची, नाव, फोन, पत्ता, रक्तगट वेगळे करून ॲरेच्या, म्हणजे आधीच मोजून आखलेल्या खणांच्या रांगेच्या, एकेका खणात ठेवायचे. खण केले पाचशे. तेव्हा दाते होते जेमतेम ऐंशी. पाचशे कुठले व्हायला बसलेत! आणि उद्घाटनाला पाहुण्यांसमोर बंद पडून शोभा नको, म्हणून ताई बाईसाहेबांनी काय करावं? खण भरले की पुढचं वाचायचंच नाही, गुपचूप थांबायचं. चुकलं म्हणून ब्र काढायचा नाही. अगं, कुणी सांगितलं होतं इतकं शहाणपण!

आत शिरून, मास्तरांना बाजूला सारून तिनं प्रोग्रामशिवाय फाईल तशीच उघडली. अकराशे बेचाळीस ओळी. घाईत शोधायचा रक्तगट दोनदा चुकीचा टाइप झाला. सातशे तिसाव्या ओळीवर नाव सापडलं. शिवणकाम करणाऱ्या बाई, पलीकडच्याच गल्लीतल्या.

फोन वाजतच राहिला. “उचला हो, पाया पडते तुमच्या, उचला!”

बाईंनी उचलला. पंधरा मिनिटांत त्या धापा टाकत आल्या, गळ्यात मापाची टेप तशीच.

चार वाजता वरून निरोप आला, रक्तस्राव थांबलाय, धोका टळलाय. ताई बाकावर बसून हमसून हमसून रडली.

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “रडू नका हो. मलाच किती बरं वाटतंय! सहा वर्षांपूर्वी नाव दिलं, पण एकदाही बोलावणं नाही. मी घरी म्हणायचे, बरंच आहे की, कुणावर तशी वेळच आली नाही.”

ताईनं मास्तरांकडे बघितलं. सहा वर्षं त्या खिडकीतून “कोणी नाही” सांगून माणसं त्यांनीच परत पाठवली होती. मास्तर मान वर करेनात, आणि किती जणांना, हे विचारायची ताईला छाती होईना.